चार भोकं, त्यातलं एक उसवलं

कटोरी ब्लाउजच्या कटिंगचा दुसरा भाग टाकते टाकते म्हणून अडीच महिने झाले. किती जणींचे मेसेज, ताई गायब कुठे, मशीन विकलं की काय. मशीन आहे जागेवर, मीच पलंगावर होते. पोटाचं ऑपरेशन झालं, हर्नियाचं, म्हणजे पोटाच्या भिंतीला भोक पडून आतलं बाहेर डोकावतं ते. आणि हर्निया म्हटलं की समोरचा आधी गोंधळतो मग हळूच विचारतो, "बायकांना पण होतो?" होतो बाबा. मला झाला तो तर आधीच्या ऑपरेशनच्या भोकातूनच झाला. माझ्या ओळखीत पित्ताशय काढलेल्या सात-आठ बायका तरी आहेत, त्यातल्या एकीलाही असं काही असतं हे माहीत नव्हतं, मला तरी कुठे होतं, म्हणून आज शिवणकाम बाजूला ठेवून हेच लिहिते.

सुरुवात २०२१ च्या जानेवारीतली, पित्ताशय काढलं तिथून. जेवलं की उजव्या बरगडीखाली कळ यायची ती थेट पाठीत, मी त्याआधी वर्षभर ॲसिडिटी म्हणून गुलाबी औषध पीत बसलेले. शेवटी सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडेच खडे, सगळ्यात मोठा अडीच सेंटीमीटरचा, म्हणजे सफारीच्या कोटाला लावतो त्या मोठ्या बटणाएवढा. डॉक्टर म्हणाले काढून टाकू, दुर्बिणीने करू, तिसऱ्या दिवशी घरी.

दुर्बीण हा शब्द ऐकला आणि घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सासूबाई म्हणाल्या, "चार भोकं पाडणार म्हणं, त्याला काय ऑपरेशन म्हणायचं व्हय?" त्यांचं पिशवीचं ऑपरेशन १९८९ साली मिरजेला झालेलं, बेंबीपासून खाली उभा चिरा, दीड महिना त्यांना कुणी पाण्याचा तांब्या उचलू दिला नव्हता. त्या मानाने माझं म्हणजे कान टोचून येण्यातला प्रकार. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. लग्नसराई तोंडावर, पंचवीसेक ब्लाउज पडलेले, मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत हुक लावत होते.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. त्रास झाला तो भलत्याच ठिकाणी, खांदा दुखायला लागला. पोटाचं ऑपरेशन आणि दुखतो खांदा, मी घाबरले, तर सिस्टर म्हणाली गॅसमुळे होतं ते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, नाहीतर आत हत्यारं फिरवायला आणि बघायला जागा कुठून येणार, तो थोडा मागे राहतो आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला डिवचतो, ती कळ खांद्यात जाणवते. दोन दिवसांत गेलं. पोटावर चार पट्ट्या, एक बेंबीवर, एक छातीच्या हाडाखाली, दोन उजवीकडे. झालं. बाराव्या दिवशी मी मशीनवर.

आता बाराव्या दिवशी नुसतं मशीनवर बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी अस्तराचा तागा उचलून माळ्यावर टाकला. सिलिंडर आला, घरात कुणी नव्हतं, तो दारातून आत ओढला, भरलेला सिलिंडर म्हणजे जवळजवळ तीस किलो. डिस्चार्ज देताना सहा आठवडे जड उचलू नका असं सांगितलं होतं बरं का, सांगितलं नाही असं मी म्हणणार नाही, पण घरी आल्यावर ना मला ते आठवलं ना कुणी आठवण करून दिली. चिराच दिसत नाही तर आठवणार कशावरून. त्यात बेंबीच्या टाक्यातून पाणी यायला लागलं, तीन आठवडे चिघळत राहिलं, गोळ्या घेतल्या, सुकलं. मग एप्रिलमध्ये कोरोना. ॲडमिट व्हावं लागलं नाही पण खोकला असा की महिनाभर उशी पोटाशी धरून खोकायचे.

आणि मग विसरून गेले. दीड वर्ष सगळं छान, वडे खा भजी खा.

२०२२ च्या दिवाळीच्या आधी, भाजणीचा डबा खाली काढला आणि बेंबीच्या जरा वर काहीतरी टचकन आल्यासारखं झालं. दुखलं नाही. आंघोळीला गेले तेव्हा बघितलं, लिंबाएवढा फुगवटा. दाबला तर मऊ, गुर्रर्र करून आत गेला, हात काढला आणि खोकले की परत बाहेर. रात्री आडवी झाले तर काहीच नाही, पोट सपाट. म्हणजे माझं पोट जितकं सपाट असू शकतं तितकं. मग उताणी पडून बोट लावून बघितलं आणि अंगावर काटाच आला, बोट आत जात होतं. कातडीखाली एक गोल कड लागत होती, टणक, गुळगुळीत, आणि मध्ये काहीच नाही. मी आयुष्यभर काजं केलीत, हाताला लगेच कळलं, हे काज आहे.

तरीही सहा महिने घालवले. जाऊबाई म्हणाल्या बाळंतपणानंतर बेंबी येतेच बाहेर, माझी धाकटी तेव्हा सतरा वर्षांची. मी म्हटलं चरबी असेल. हे म्हणाले डॉक्टरला दाखव, पण ते कशालाही डॉक्टरला दाखव म्हणतात.

शेवटी दाखवलं ते दुसऱ्या सर्जनला. पहिल्या डॉक्टरांवर राग होता असं नाही, लाज वाटत होती, उचलू नका म्हटलेलं ना त्यांनी. या डॉक्टरांनी उभं राहायला लावलं, खोका म्हणाले, खोकले, हात लावला, झोपायला लावलं, झोपल्या झोपल्या मान उचला म्हणाले, झालं निदान, दोन मिनिटं. सोनोग्राफी नंतर झाली ती नुसती माप घ्यायला, भोक तीन सेंटीमीटरचं. मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून दाखवलं आणि मला पहिल्यांदा कळलं की माझ्या पोटाला काय केलं होतं.

कातडी म्हणजे वरचं कापड, त्याखाली चरबी, आणि त्याखाली जो खरा जोर धरतो तो पांढरा चिवट पडदा, अस्तर नाही, कॅनव्हास म्हणा. पोटाच्या मध्यावर उभी रेघ असते, दोन्ही बाजूंचे स्नायू तिथे येऊन जुळतात, म्हणजे तिथे मध्ये स्नायूच नाही, नुसता तो पडदा. बेंबी नेमकी त्या रेघेवर, जन्मापासूनच तिथे जोड आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये टोकदार नळ्या आत घालतात, साधारण दोन दहा मिलिमीटरच्या आणि दोन पाचच्या. पाचची छिद्रं मोठ्या माणसात सहसा आपोआप बंद होतात, दहा किंवा त्यापेक्षा मोठ्याचा आतला पडदा शिवावा लागतो. बाहेरून बघाल तर चारही ठिकाणी सारखीच चिकटपट्टी.

डॉक्टर म्हणाले जुनं डिस्चार्ज कार्ड आणा. ते सगळं इंग्रजीत, दोन वर्षं कपाटात ब्लाउजच्या बिलांबरोबर पडलेलं. भाची मेडिकलला आहे, तिने वाचून दाखवलं. त्यात एक ओळ होती, बेंबीच्या पोर्टची, म्हणजे नळी घातलेल्या भोकाची, जखम वाढवून पित्ताशय बाहेर काढलं, पडदा शिवला. एवढंच. म्हणजे तो बटणाएवढा खडा दहा मिलिमीटरच्या भोकातून येणार कसा, तर ते भोक कापून मोठं करावं लागलं. यात चूक कुणाची नाही, दुसरा मार्गच नसतो. पण मी दोन वर्षं ज्याला टोचणी समजत होते तिथे आत चांगली दीड इंचाची शिवण होती. आणि ती शिवण घालणं पण सोपं नाही, माझं वजन तेव्हा ८२ किलो, कातडीवरचं भोक एवढंसं आणि पडदा खाली चरबीच्या तळाला. गव्हाच्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून तळाशी हुक लावायचा, तसं काम. त्यासाठी वेगळ्या सुया निघाल्यात म्हणे.

मग एकेक हिशोब लागत गेला. भोक वाढवलं, वजन जास्त, शुगर काठावर, जखम चिघळली, मग सिलिंडर, मग महिनाभराचा खोकला. मी डॉक्टरांना म्हटलं यातलं नक्की कशाने झालं, तर म्हणाले उसवलेला टाका सांगतो का कुणी ओढला ते. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना वापरणार आहे.

भाचीला मग मी छळलंच. हे काय नवीन आहे का, तर नाही, पोटात दुर्बीण घालून बघणं बायकांच्या डॉक्टरांनी आधी रुळवलं आणि दुर्बिणीच्या भोकातून हर्निया झाल्याचं १९६८ सालीच लिहून ठेवलंय. दुर्बिणीने पित्ताशय काढलं पहिल्यांदा ते १९८५ मध्ये जर्मनीत, म्यूहं नावाच्या सर्जनने, आणि आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईला जे.जे. मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडियांनी. म्हणजे सासूबाईंचं ऑपरेशन झालं त्याच्या पुढच्याच वर्षी. पित्ताशयासाठी दुर्बीण आली त्याच्या आधीच हा हर्निया डॉक्टरांना माहीत होता, आमच्यासारख्यांपर्यंत तेवढा पोचला नाही. प्रमाण विचाराल तर शंभरात एक-दोन, काही ठिकाणी चार-पाच, जितकी वर्षं पेशंटच्या मागे राहून मोजाल तितका आकडा वाढतो कारण बऱ्याच जणी माझ्यासारख्या सांगतच नाहीत. पोट उभं उघडून ऑपरेशन केलं तर हाच आकडा शंभरात दहा ते वीसपर्यंत जातो. म्हणून दुर्बिणीला नाव ठेवायला मी बसलेले नाही, उद्या धाकटीला खडे झाले तर दुर्बिणीनेच करा म्हणेन. फक्त एकाच भोकातून सगळं करायची जी पद्धत आहे, व्रण दिसत नाही म्हणून घेतात काही जणी, त्यात ते एक भोक मोठं असतं आणि हर्नियाची शक्यता चार भोकांपेक्षा जास्त, हे भाचीने खास सांगितलं म्हणून इथे टाकते.

अजून एक, हे मात्र नीट वाचा. माझं सावकाश आलं, पण काही जणांना ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच होतं. त्यात बाहेर फुगवटा दिसेलच असं नाही. आतड्याची नुसती एक बाजू त्या भोकात चिमटते, परकर नाडीत अडकावा तशी. पोट फुगतं, उलट्या होतात, पण आतड्याची वाट पूर्ण बंद झालेली नसते म्हणून संडासला होऊ शकतं आणि घरचे म्हणतात होतंय ना मग गॅस असेल. दुर्बिणीच्या ऑपरेशनहून घरी आल्यावर उलट्या थांबत नसतील तर ओवा-बिवा देत बसू नका, उचला आणि परत न्या.

आता पैशांची गोष्ट, कारण मी वाट बघत बसले ती त्याच्यापायी. आम्ही २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा मेडिक्लेम काढला, कोरोनाने शहाणपण आलेलं. त्यात दोन वर्षं काही ठरावीक आजार मिळत नाहीत, मोतीबिंदू, खडे, आणि त्या यादीत हर्निया. बहुतेक पॉलिसींत असतं असं, मी यादी वाचली तेव्हा पुरुषांचे आजार म्हणून पुढे गेले होते! एजंट म्हणाला वहिनी, २०२३ चा नोव्हेंबर येऊ द्या, तोवर पट्टा लावा. आणि डॉक्टर म्हणाले पट्ट्याने आधार वाटेल पण भोक बुजणार नाही, उलट मोठं होत जाईल, लवकर करा. मी एजंटचं ऐकलं.

पट्ट्याबद्दल काय लिहू. मे महिना, सांगलीचा उन्हाळा, नऊ इंची इलॅस्टिक पोटावर, खाली घामोळं. लोक वाकून माप घ्यायला सांगतात आणि मला वाकता येत नाही.

आणि गौरींच्या दिवशी रात्री ते झालं ज्याला मी घाबरत होते. दिवसभर उभी, पुरणपोळ्या, पट्टा काढून ठेवलेला कारण साडी बसेना. रात्री अकराला फुगवटा बाहेर आला आणि आत जाईना. झोपले तरी जाईना. दगडासारखा घट्ट, हात लावू देत नव्हता, आणि पोटात पिळा. सासूबाई देवाजवळ, हे गाडी काढायला. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पाय दुमडून पडायला लावलं, वीसेक मिनिटांनी त्यांनी हळूहळू दाबत दाबत ते आत घातलं आणि तो जो आवाज झाला ना आतून, मी रडले. म्हणाले आज गेलं आत, गेलं नसतं तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, मग आतड्याचा तुकडाच कापावा लागतो आणि त्या घाणीत भोकावर लावायची जाळीही बसवता येत नाही बऱ्याचदा. घरी जाऊन स्वतःहून कधी ढकलू नका, आणि रंग लाल-काळा झाला, उलटी झाली, तर तासही घालवू नका. मला झापलं चांगलं. पॉलिसीचं कारण सांगितलं तर गप्प बसले, त्यांनाही ते रोजचंच असणार.

नोव्हेंबरपर्यंत मी अंडं जपावं तशी पोट जपत होते. डॉक्टरांनी अट घातलेली, वजन कमी करा आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर खाली आणा, नाहीतर परत उसवेल. आठ किलो उतरवले, भात सोडला, सणासुदीला घरात एकटीने नाचणीची भाकरी खाल्ली.

यावेळी दुर्बिणीने करायचं की उघडून, हे डॉक्टरांनी मला विचारलं. दुर्बिणीत नवीन भोकं पाडायची, कडेने, आणि जाळी आतून पोटाच्या भिंतीला लावायची, ती आतड्याजवळ येते म्हणून एका बाजूने लेप दिलेली असते, महाग. उघडून केलं तर साधी जाळी स्नायूच्या मागे बसते, आतड्याचा संबंध नाही, पण चिरा येतो. मी म्हटलं नुसते टाके घालून बंद नाही का होणार, जाळी कशाला. म्हणाले ताई, एवढ्या भोकाच्या कडा ओढून शिवल्या तर ताण येतो आणि टाक्याटाक्यावर कापत जातं. मी म्हटलं डॉक्टर, हे तुम्ही मला सांगताय, पंचवीस वर्षं घट्ट ब्लाउज सोडून देतेय मी.

उघडूनच केलं. मणक्यात इंजेक्शन, छातीखाली सगळं बधिर, मी जागी, मध्ये हिरवा पडदा. "प्रोलीन द्या" म्हणत होते, तो निळा दोरा न विरघळणारा, आधी दाखवून घेतलेला. सिस्टरने जाळी किती कापू विचारलं, तर डॉक्टर म्हणाले सगळीकडून पाच सेंटीमीटर जास्त ठेवा. मी पडद्यामागून म्हटलं, माया! सगळे थांबले. म्हटलं शिवणीत आम्ही माया सोडतो तसंच ना. डॉक्टर म्हणाले तसंच, आणि आता बोलू नका, पोट हलतंय.

ती जाळी पॉलिप्रॉपिलीनची, साखरेची पांढरी पोती असतात ना त्याच जातीचं प्लास्टिक, फक्त विणकाम बारीक आणि निर्जंतुक. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत अशर नावाच्या सर्जनने प्लास्टिकची जाळी वापरात आणली, त्याआधी बहुतेक नुसते टाकेच, आणि परत परत उसवायचं. जाळीच्या छिद्रांतून आपलं मांस वाढतं आणि ती त्यातच विणली जाते. तिलाही इन्फेक्शन होऊ शकतं, हर्निया परतही येऊ शकतो, सही घेताना सगळं वाचून दाखवलं यावेळी, आणि मी ऐकलं यावेळी. उरलेला तुकडा मागून घेतला, बटणाच्या डब्यात आहे. जाळीदार, हाताला नेटच्या ओढणीसारखा लागतो, पण फाडायला जाल तर फाटत नाही.

दोन दिवस जखमेतलं पाणी काढायची नळी होती, पाचव्या दिवशी घरी. तीन महिने जड उचलायचं नाही. अजून शिंकताना हात आपोआप पोटावर जातो.

आणि घरात काय फरक पडलाय बघा. पहिल्या वेळी बाराव्या दिवशी सिलिंडर ओढला तेव्हा कुणी हूं का चूं केलं नव्हतं. यावेळी सासूबाईंनी ड्रेसिंग बदलताना स्वतः उभं राहून टाके मोजले, बारा. त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पोट फाडलंय पोरीचं, बारा टाकं हायत." परवा मी अर्धी बादली उचलली तर स्वयंपाकघरातून ओरडल्या. तांब्यासुद्धा त्याच भरून आणतात आणि जवळ ठेवतात, आणि त्यांचं वय ७९.

कटोरीचा दुसरा भाग पुढच्या आठवड्यात टाकते, कापड कापायला धाकटीला बसवलंय.